अर्थतज्ज्ञ बाबासाहेब एका चौकटीत

महोदय,

महापरिनिर्वाण दिनाच्या आपल्या पुरवणीत बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राला एकच चौकट मिळाली आणि तिच्यात दोनच वाक्ये: 'रिझर्व्ह बँकेचे जनक' आणि 'कामाचे तास 14 वरून 8'. व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरणारी ही विधाने वर्तमानपत्राने तरी तपासून घ्यायला हवी होती.

तासांचे आधी. 1934 च्या कारखाना कायद्यानेच बारमाही कारखान्यांत दिवसाला 10 आणि आठवड्याला 54 तासांची मर्यादा घातली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणजे आजच्या भाषेत मजूरमंत्री असताना (1942-46) बाबासाहेबांनी 1946 ची दुरुस्ती मांडली आणि ती मर्यादा 9 व 48 वर आली. सहा दिवसांची सरासरी आठ तास पडते, ती अशी. 'चौदा' कुठून आले, कोण जाणे.

आता रुपया. 1923 साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सुवर्ण विनिमय पद्धतीवर, म्हणजे देशात रुपयाच चालवून त्याचा दर परदेशी व्यवहारांपुरता सोन्याशी बांधण्याच्या पद्धतीवर, हल्ला चढवला. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स या पद्धतीचा पुरस्कर्ता होता. बाबासाहेबांचा आक्षेप असा की, या पद्धतीत सरकारला हवे तितके रुपये पाडता येतात. भाव चढतात, मजुरी मागे राहते. भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी उपायही सांगितला. रुपये पाडणे सरकारलासुद्धा बंद करा, सोन्याच्या नाण्याची टाकसाळ उघडा, दोन्ही नाण्यांचे प्रमाण कायद्याने ठरवा. मात्र रुपया देऊन सोने मिळण्याची हमी नको. मध्यवर्ती बँकेची, म्हणजे पुढच्या रिझर्व्ह बँकेची, शिफारस आयोगाच्या 1926 च्या अहवालातली आहे. चलन काढणाऱ्याचे हात बांधा, असे सांगणाऱ्यालाच आपण चलन काढणाऱ्या बँकेचे जनक करून टाकले!

चौकटीबाहेर राहिले ते जास्त मोलाचे. 1918 च्या शेतीवरील निबंधात त्यांनी दाखवले की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती माणसे आहेत यावर ठरते. जमिनीवरचे जादा हात उद्योगांत गेल्याशिवाय तुकड्यांच्या नुसत्या एकत्रीकरणाने भागणार नाही. पंचवीस वर्षांनी, 1943 मध्ये, वीज खाते हाती असताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी.

त्याच वर्षी दामोदर नदीला महापूर आला. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्रकल्पातले अभियंते वुरडुइन यांच्याकडून आराखडा करून घेतला गेला: आठ धरणे, 10 लाख क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) पूर अडीच लाखांवर आणायचा. बंगाल आणि बिहार यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम बाबासाहेबांनी केले. 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ झाले खरे, पण त्याने धरणे बांधली चारच: तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. पुरासाठी राखायची साठवण अपुरी राहिली आणि खालच्या बंगालला त्याचा त्रास आजही होतो. वीज, सिंचन, पूरनियंत्रण यांचा एकत्र हिशेब मांडायचा आणि मग निम्मीच धरणे बांधायची, म्हणजे दुसरे काय होणार?

1951 मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी दिलेले निवेदन हिंदू कोड बिलासाठी आठवले जाते. त्यातच त्यांनी म्हटले आहे की, आपण मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी, तरी मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीवर आपल्याला घेतले नाही. पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळाने घेतले, ते परतल्यावर पुन्हा वगळले. पुढच्या पुरवणीत हे निवेदन तरी पूर्ण छापावे.

— अर्थशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक