दोन बेसिनचा काउंटर बसला एकदाचा

सांगली
रविवार, रात्री

प्रिय पिंट्या,

परवा फोनवर तू म्हणालास तुझ्याकडं पण दोन बेसिनचा काउंटर बसवायचाय, तेव्हा मी गडबडीत होतो, नीट बोलणंच झालं नाही. म्हणून आता सगळे झोपल्यावर लिहायला बसलोय.

२०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी आमच्या खालच्या मजल्यात शिरलेलं तुला माहितीच आहे, त्यात बेसिनखालचं प्लायचं कपाट असं फुगलं की दारंच लागेनात, तरी तसंच चालवलं इतकी वर्षं. आता मात्र पीव्हीसी बोर्डाचे ३-३ फुटांचे दोन युनिट घेतले, खाली स्टीलचे पाय, आणि वर ६ फुटी काळा ग्रॅनाइट. एका बेसिनच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर ३६ इंच येतात, सकाळी पोरं शाळेला निघताना दोघं शेजारी उभी राहून दात घासतात, कोपर लागत नाही.

पण पहिला दगड गेला रे. दुकानातच बेसिनची भोकं पाडून आणला आणि दोन पोरांनी तो आडवा, ताटासारखा धरून दारातून आत घेतला. भोकाच्या पुढं जेमतेम अडीच इंचाची पट्टी राहते, तिथंच कट्कन गेला. मला फार वाईट वाटलं, आईला तर सांगवेना. १८ मिमीचा एवढा दगड ५० किलोच्या आसपास भरतो, तो उभाच धरून न्यायचा, पुढची कड वर ठेवून, आणि माणसं चार लावायची. दुसरा आणला तेव्हा मी स्वतः एका टोकाला होतो.

दुसरी भानगड भिंतीची. युनिट पाणसळ लावून पाय फिरवून लेव्हलला आणले, दोन्ही एकमेकांना स्क्रूने आवळले, दगड नुसता ठेवून बघितला तर डावा कोपरा भिंतीला टेकलेला आणि उजवीकडं अर्धा इंच फट. मिस्त्री म्हणाला व्हाइट सिमेंट भरतो, वरून टाइलची पट्टी येतीय, दिसणार नाही. मी नाही म्हटलं, कारण पाणी तिथूनच मागं उतरतं आणि वर्षभरात वास सुटतो. मग अर्धा इंच जाडीची लाकडाची चकती भिंतीला लावून सरकवत दगडावर पेन्सिलनं रेघ मारली, रेघेपर्यंत ग्राइंडरनं घासलं, दगड मागं सरकला तसा चपखल बसला. अर्धा दिवस गेला, पण तेवढा वेळ दे, भावा.

सांध्यात भरायचं सिलिकॉन घेताना दुकानात न्यूट्रलच माग, व्हिनेगरसारखा वास येणारं दगडाला नको, काही दगडांवर डाग पडतात. नळ आणि वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारी जाळी) दगड बसवायच्या आधीच लावून टाक, नंतर मागं हात जात नाही. बॉटल ट्रॅप, म्हणजे खालचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग, तो मात्र शेवटी.

आणि बेसिन घरात आल्याशिवाय दगडवाल्याला भोकाचं माप देऊ नकोस. फोटोवरून तर अजिबात नको. वरून बसणारं घे, त्याची कड कापलेल्या भागावर येते.

दिवाळीत येशील तेव्हा दाखवतो. आई विचारत होती, काकूंचा गुडघा कसाय आता? कळव.

तुझाच,
बाळ्या