'तळण्यासाठी तेल' म्हणजे नक्की किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'हेल्दी व्हेगन फलाफल' (फलाफल म्हणजे अरब देशांतले चण्याचे तळलेले वडे, व्हेगन म्हणजे दूध-अंडंसुद्धा न घालता) ही रेसिपी आली होती, ती वाचून हे पत्र लिहितेय. साहित्य सगळं मापात दिलंय, उकडलेले काबुली चणे दोन वाट्या, मैदा चार चमचे, जिरं अर्धा चमचा, अगदी मीठसुद्धा मोजून, आणि शेवटी नेहमीचंच, 'तळण्यासाठी तेल'. किती, ते नाही. अहो ज्या एका गोष्टीवर हा पदार्थ हेल्दी की नाही ते ठरणार तिचंच माप गायब, आणि वर शीर्षकात हेल्दी. हे फक्त तुमच्याच पेपरात होतं असं नाही, सगळीकडेच तसं चाललंय, पण मी तुमचा पेपर घेते म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी अमळनेरला जेवणाचे डबे देते. तेलाचा १५ किलोचा डबा किती दिवस पुरला हे माझ्याकडे वहीत असतं कारण महिन्याचा नफा तिथेच ठरतो. आणि तेलाच्या बाबतीत आमच्या गावाला कोणी शिकवायला नको, आज जी कंपनी कॉम्प्युटरसाठी जगभर माहितीये ती विप्रो १९४५ साली इथेच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने सुरू झाली आणि वनस्पती तूप नि तेल काढायची. त्या काळातले शेअर ज्यांनी न विकता ठेवले त्यांच्या घरच्या गोष्टी अमळनेरमध्ये अजून सांगतात. असो, विषय फलाफलचा आहे.

तर हिशेब असा. चण्यात मुळात फॅट फार नसतं, १०० ग्रॅम कोरड्या काबुली चण्यात साधारण ६ ग्रॅम, प्रोटीन १९-२० ग्रॅम आणि वर भरपूर फायबर. तेच तळून काढलेलं फलाफल १०० ग्रॅम घेतलं तर फॅट जातं १७-१८ ग्रॅमवर आणि कॅलरी ३३० च्या आसपास. आता चणे भिजल्यावर दुपटीच्या वर जड होतात, म्हणजे तळलेल्या १०० ग्रॅममधलं चण्याचं स्वतःचं फॅट फार तर तीन-चार ग्रॅम धरा, बाकीचं सगळं कढईतनं आलेलं. आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या एनआयएन या पोषण संस्थेचा सल्ला असाय की साधारण २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने दिवसभराचं वरचं तेल-तूप २५-३० ग्रॅममध्येच बसवावं. सात-आठ फलाफल संध्याकाळी चहासोबत खाल्ले की निम्मा कोटा तिथेच संपला, रात्रीच्या भाजीची फोडणी अजून बाकीच.

दुसरं म्हणजे चणे उकडायचेच नाहीत! फलाफल भिजवलेल्या कच्च्या चण्याचं असतं. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन त्या सगळ्या पट्ट्यात चण्याचं करतात आणि इजिप्तमध्ये बाकल्याचं (फावा बीन्सचं) करतात, त्याला तिकडे तामिया म्हणतात, पण दोन्हीकडे दाणे फक्त भिजवून कच्चेच वाटतात. कारण सोपं आहे. कच्च्या चण्यातला स्टार्च न शिजलेला असतो, गरम झाला की तो फुगतो आणि सगळं मिश्रण आतून धरून ठेवतो. उकडलेल्या चण्यात हे काम आधीच होऊन गेलेलं असतं आणि वर त्याने पाणी प्यालेलं असतं, म्हणून गोळा गिचका होतो, तेलात सोडला की फुटतो, मग तो फुटू नये म्हणून मैदा घाला, ब्रेडक्रम्स घाला, तरी थोडा चुरा सुटतोच आणि कढईच्या तळाशी जाऊन जळतो आणि तेल काळं पडतं. आणि ते काळं तेल घरात कोणी फेकत नाही हो, दुसऱ्या दिवशी त्यातच पुऱ्या. हॉटेलवाल्यांना तरी १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा) नियम आहे की तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, घरच्या कढईला कोण नियम लावणार.

आता माझं खरं म्हणणं, जे पुरवणीत यायला पाहिजे होतं. कच्ची डाळ भिजवून, लसूण-मिरची घालून, पाणी न टाकता जाडंभरडं वाटायची, मुठी वळायच्या आणि वाफेवर शिजवायच्या, हे आपल्या खान्देशात पिढ्यान् पिढ्या चालू आहे, फुणके म्हणतात त्याला. तुरीची डाळ, काही घरांत थोडी हरभऱ्याची, आणि सोबत कढी. शिजवताना तेलाचा थेंब नाही आणि फुणका फुटतही नाही, मैद्याचा तर प्रश्नच नाही. (वरून कच्च्या तेलाची धार घेतात ती गोष्ट वेगळी, ती मी पण घेते.) मग फलाफल काय वेगळं आहे, डाळीच्या जागी काबुली चणा आणि मसाल्यात जिरं-धणे जास्त. चणा पण काही लांबून आणायचा नाही, चोपडा, शिरपूर, अमळनेर या बाजूला काबुली हरभरा चांगला पिकतो, फेब्रुवारी-मार्चनंतर मार्केट यार्डात गोण्याच्या गोण्या येतात. आणि आपण तोच चणा पुण्यामुंबईच्या दुकानातल्या 'फलाफल मिक्स'च्या पाकिटातून चौपट भावात आणतो, काय म्हणावं याला.

मी कसं करते ते सांगते. काबुली चणे एक वाटी, म्हणजे २०० ग्रॅम धरा, भरपूर पाण्यात रात्रभर, बारा तास तरी भिजवायचे. थंडीत अजून जास्त ठेवले तरी चालतात, पण आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ डिग्री, त्यात ओट्यावर ठेवले तर सकाळी फेस आणि वास, म्हणून उन्हाळ्यात फ्रिजमध्येच भिजवा आणि मध्ये एकदा पाणी बदला. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, ज्यांना चण्याने गॅस होतो त्यांना त्याने थोडा फरक पडतो. मग चाळणीत निथळून सुती कपड्यावर पसरायचे, वरून पुसून घ्यायचे. ही पायरी कंटाळवाणी आहे पण सगळं यावरच आहे, पाणी राहिलं की बाकी काही करा, गोळा बसत नाही. मिक्सर सलग फिरवायचा नाही, थांबत थांबत, मध्ये चमच्याने खालवर करत, जाड रव्यासारखं झालं की बस. पेस्ट झाली तर आतून दगडासारखं घट्ट होतं. त्यात एक छोटा कांदा बारीक चिरून पिळून घेतलेला, लसूण सात-आठ पाकळ्या (आपल्या हाताने, तिकडच्या रेसिपीत दोनच असतात), कोथिंबीर मात्र दोन मुठी, लाजायचं नाही, तोडल्यावर आतनं हिरवं दिसलं पाहिजे. जिरं आणि धणे भाजून भरडलेले, मिरी, मीठ, हिरवी मिरची. पार्सली आपल्याकडे मिळत नाही आणि तिच्यावाचून अडतही नाही. बेसन एक चमचा, तेही मिश्रण सैल वाटलं तरच. मग अर्धा-एक तास फ्रिजमध्ये.

आता शिजवायचं. गोल गोळे नकोत, चपट्या टिक्क्या करा, बोटाएवढ्या जाड, कारण चणा कच्चा आहे आणि तो मधोमध शिजलाच पाहिजे, कच्चा राहिला तर पोट धरून बसाल. फुणक्यासारख्या चाळणीवर १५ मिनिटं वाफवून घ्यायच्या, गार होऊ द्यायच्या, गरम असताना हात लावला की मोडतात, आणि मग लोखंडी तव्यावर एक चमचा तेल पसरून दोन्ही बाजूंनी लाल करायच्या. वाफेने टिक्की आधीच घट्ट झालेली असते त्यामुळे तेल आत जात नाही, वरच राहतं, आणि कुरकुरीतपणा तर वरच हवा असतो ना. सगळ्या टिक्क्यांना मिळून दोन छोटे चमचे तेल पुरतं. एवढ्या तेलात १०० ग्रॅमला फॅट चार-पाच ग्रॅमच्या आसपास बसतं, वरचे १७-१८ आठवा. आप्पेपात्र असेल तर वाफवायची पण गरज नाही, प्रत्येक खळग्यात दोन थेंब तेल, मंद आच, झाकण, आणि उलटल्यावर परत झाकण. एअर फ्रायरवाले १८० डिग्रीवर पंधरा मिनिटं करतात, मध्ये एकदा उलटून, पण तेलाचा हात न लावता टाकले तर बाहेरून भगरे आणि पांढरट होतात, लेकीने पुण्याला करून फोटो पाठवला होता. म्हणून शून्य तेलाच्या नादी लागू नका, थोडं लागतंच.

या लेकीमुळेच हे सगळं घरात आलं. तिने दूध-दही-तूप सोडलंय, आम्ही आधी वैतागलो, आता सवय झाली. (बी-१२ च्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून चालू ठेवायला लावल्यात, ते व्हिटॅमिन डाळी-भाजीतून मिळत नाही.) फलाफल मुळातच व्हेगन आहे, त्यात अंडं नाही दूध नाही, गडबड होते ती सोबतच्या चटणीत. तुमच्या रेसिपीत सोबत दह्याचं डिप दिलंय! मग व्हेगन कुठे राहिलं? तिकडे ताहिनी असते, तिळाची, पण तीळ म्हणजे निम्मं तेलच, एक मोठा चमचा ताहिनी घेतली की ८ ग्रॅम फॅट आलं, तळण वाचवून चटणीत घातलं असं होतं. माझा उपाय असा की भिजवलेल्या चण्यातली एक मूठ बाजूला काढून कुकरला मऊ शिजवते आणि दोन चमचे भाजलेले तीळ, लसूण, लिंबू आणि चणे शिजवलेलं पाणी घालून एकत्र फिरवते. दाटपणा चण्याचा, वास तिळाचा. चटणी दाट पण झाली आणि तिळाची चव कमी पण पडली नाही. खायला पिटा ब्रेड कशाला, मैदाच तो, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा पापुद्रा फुगला की तो उघडून आत टिक्की, कांदा, काकडी, चटणी. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तर म्हणाल्या, "हाई काय शे? फुणकास्ना वडा कया का?" (हे काय आहे? फुणक्यांचा वडा केला का?) खाल्ल्यावर मात्र अजून एक मागितला.

मी तेलाच्या विरोधात नाही हे पण सांगते, नाहीतर कोणी म्हणेल अमळनेरची बाई शेवभाजीची तर्री बंद करायला निघाली. शेवभाजीला तर्री पाहिजेच, भरताला पण तेल सढळ हातानेच. पण ते आम्ही हेल्दी म्हणून खात नाही, आवडतं म्हणून खातो आणि कधीतरी खातो. राग येतो तो फसवाफसवीचा. फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी वापरा म्हणून सांगितलं, तुमच्या पेपरात पण ती बातमी आली, देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो हे पण तुम्हीच छापता, आणि रविवारी त्याच पेपरात तेलाला मापच नाही. माप नसेल तर दहा टक्के कशातून कमी करायचे?

म्हणून विनंती एवढीच की पाककृती छापताना लिहिणाऱ्याकडून तेलाचा आकडा मागा. अवघड काहीच नाही, किराण्याचा छोटा काटा बऱ्याच घरात असतो, तळणाआधी कढईतलं तेल मोजायचं, तळून झाल्यावर गार करून गाळून परत मोजायचं, फरक निघेल तो पदार्थाने प्यालेला, आणि कढईला-झाऱ्याला थोडं चिकटलेलं. तो आकडा माणशी किती पडतो ते रेसिपीखाली एका ओळीत द्या. आकडा मोठा आला तरी छापा, वाचणारा ठरवेल रोज करायचं का दिवाळीला. आणि ज्याचा आकडा दिला नाही त्याच्या शीर्षकात हेल्दी टाकू नका.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)

ता.क. – वाफवलेल्या टिक्क्या फ्रीजरमध्ये चांगल्या राहतात, ताटात मोकळ्या गोठवून मग डब्यात भरायच्या नाहीतर एकमेकीला चिकटतात. वाटलेलं कच्चं मिश्रण मात्र फ्रिजमध्ये एका दिवसाच्या वर ठेवू नका, कांद्याचं पाणी सुटून आंबतं.