‘अ‍ॅव्हर’ घोड्याचे मूळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मध्ययुगीन इंग्लंडच्या शेतीवरचा लेख वाचनीय होता. मात्र औताच्या घोड्याला असलेल्या ‘अ‍ॅव्हर’ या जुन्या नावाची व्युत्पत्ती देताना लेखकाची गल्लत झाली आहे. ‘ठामपणे सांगणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाचे स्पेलिंग हुबेहूब तेच असल्याने त्यांनी ‘भरवशाचे जनावर’ असा अर्थ लावला. त्या क्रियापदाच्या मुळाशी ‘खरे’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. घोड्याचा ‘अ‍ॅव्हर’ आला तो ‘जवळ असणे’ या अर्थाच्या निराळ्याच लॅटिन क्रियापदापासून, जुन्या फ्रेंचमार्गे.

फ्रेंचांनी त्या क्रियापदाचेच नाम करून मालकीच्या चीजवस्तूला ते लावले. शेतकऱ्याची चीजवस्तू म्हणजे दावणीची जनावरे, म्हणून अर्थ आधी गुराढोरांवर आणि मग ओढकामाच्या घोड्यावर येऊन थांबला. आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावे लागू नये. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाचा सौदा करताना रुमालाखाली बोटे चाचपणारा माणूस घरच्या गुरांना ‘जितराब’ म्हणतो आणि रानातल्या उभ्या पिकालाही तेच म्हणतो; सरकारदरबारी तर ‘पशुधन’ हा शब्द रुळलेलाच आहे.

जुन्या पिढीने पौंड-औंसांची कोष्टके घोकली आहेत. सोळा औंसांचा पौंड ज्या ‘अ‍ॅव्हरडुपॉइज’ पद्धतीतला, त्या नावातला पहिला तुकडाही हाच. ‘वजनावर विकायचा माल’ असा त्या नावाचा मूळ अर्थ. तेथे माल म्हणजे जिन्नस, येथे जनावर.

लेखात घोड्याचे कौतुक जरा जास्तच झाले आहे, असेही वाटले. तेराव्या शतकात शेतीवर फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या वॉल्टर ऑफ हेन्लीने हिशेब मांडून बैलाच्याच बाजूने कौल दिला होता: घोड्याला ओट चारावे लागतात, नाल ठोकावे लागतात आणि म्हातारा झाला की त्याचे कातडे तेवढे हाती उरते, थकलेला बैल मात्र चारून पुष्ट केला की खाण्याच्या कामी येतो. शेवटचा मुद्दा आपल्याकडे कोणी असा उघड लिहिणार नाही, पण वैरणीचा खर्च मोजणाऱ्याला बाकीचा हिशेब पटेल. स्कॉटलंडच्या बोलीत हा शब्द पुढेही टिकला, तो बहुधा थकलेल्या, कमी किमतीच्या घोड्यासाठी.

व्युत्पत्तीपुरती दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
विटा, जि. सांगली