भिंतीतल्या मत्स्यालयासाठी मिस्त्रीमामांना उघडं पत्र

मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या हॉलमध्ये आलेलं माणूस आधी भिंतीपाशी जातं. काचेमागे फिरणारे पिवळे-निळे मासे बघतं आणि विचारतं, टाकी कुणी करून दिली? मी काचवाल्यांचं सांगते, वेल्डिंगवाल्या दादांचं सांगते. तुमचं सांगायला लागले की मात्र बोट ठेवायला जागा सापडत नाही. तुमचं काम फरशीखाली आहे, प्लास्टरच्या आत आहे, लाकडी चौकटीच्या मागे आहे. ते सगळ्यांना कळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून चारचौघांत वाचलं जाईल असं हे पत्र.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माशांबद्दल काही विचारलं नाहीत. विचारलंत ते वजन. मग आपण ओट्यावर बसून हिशेब मांडला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे २४ घनफूट. त्यात ६८० लिटर पाणी मावतं, आणि लिटरला एक किलो. काच १२ मिलीमीटरची, तिचं वजन चौरस मीटरला ३० किलो, म्हणजे नुसत्या काचेचेच १२० किलो. त्यावर दगड, वाळू, लोखंडी स्टँड. सगळं मिळून टनाच्या घरात. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे सोयाबीनचे वीस कट्टे. ते बी एकाच जागी, बारा महिने." तेवढं बोलून तुम्ही उठलात आणि भिंत बघायला गेलात.

आमचं घर १९९६ सालचं. नऊ इंची विटांच्या भिंती, त्यांच्यावरच स्लॅब, आणि दारं-खिडक्यांच्या वर, सात फुटांवर, सगळ्या भिंतींतून फिरलेला काँक्रीटचा पट्टा. भूकंपानंतर लातूरकडे बांधलेल्या बऱ्याच घरांत तो असतो. इतकी वर्षं त्या घरात राहून मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. तुम्ही प्लास्टरवर हात ठेवून तो कुठून कुठे जातो ते मला दाखवलंत आणि म्हणालात, "ताई, मी सांगायलो ते ध्यानात ठेवा. ह्याला छिन्नी लागू द्यायची न्हाई. कुणी बी म्हणू द्या."

त्यामागचं कारण तुम्ही दुपारच्या चहाला सांगितलंत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपलेली. किल्लारीच्या आसपासच्या गावांत काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. दगडाला दगड बांधून ठेवणारं मध्ये काही नव्हतं, त्यामुळे भिंती फुटल्या आणि माळवदं खाली आली. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांतली जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तुम्ही तेव्हा पोरसवदा होतात. नंतर पुनर्वसनाच्या गावांत हाताखाली राबत राबत गवंडीकाम शिकलात, आणि चारी भिंतींना एकत्र धरून ठेवणारा पट्टा कसा ओततात ते तिथेच पहिल्यांदा पाहिलंत. हे सांगताना तुम्ही आवाज चढवला नाहीत की थांबलाही नाहीत. पण त्या दिवसापासून तुमची प्रत्येक सूचना मी वेगळ्या कानांनी ऐकली.

सगळ्यात मोलाची सूचना ही होती: टाकी भिंतीत बसवायचीच नाही. भिंतीला फक्त खिडकीसारखी मोकळी जागा ठेवायची, काचेपेक्षा चहूबाजूंनी थोडी लहान, आणि अख्खी टाकी मागच्या खोलीत तिच्या स्वतःच्या स्टँडवर उभी करायची. हॉलमधून ती भिंतीत जडवलेली दिसते, पण तिचा एक किलोही भार भिंतीवर नाही. काच आणि भिंत यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून तिथे मऊ फोमची पट्टी घातलीत. सिमेंटने पॅक करू या, असं एकाने सुचवलं होतं. तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत की भरल्यावर काचेला किंचित पोट येतं, तिला हलायला जागा लागते, आणि भिंत हलली तर ती काचेवर आदळायला नको. पुढची लाकडी चौकट स्क्रूवर आहे. उद्या काही झालं तर भिंत न फोडता काच मोकळी करता येते.

खिडकी कुठे पाडायची यावरही तुम्ही दिवसभर विचार केलात. कोपऱ्याजवळची जागा सोफ्यासमोर आली असती. पण भूकंपात घराचा कोपरा आधी उघडतो, असं म्हणून तुम्ही खूण चांगली तीन फूट आत सरकवलीत. इंजिनियरला दाखवल्याशिवाय छिन्नी धरणार नाही म्हणालात, आणि खरंच धरली नाहीत. ते येऊन पाहून गेल्यावर टेकू लागले, वायरिंगचा पाईप वळवला गेला, विटा वरून एकेक करून निघाल्या. पट्टा वर जसाच्या तसा. त्याच्याखाली वेगळं लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, आणि खिडकीच्या दोन्ही अंगांना लोखंड घालून काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या. एवढं सगळं दोन खोल्यांमधल्या एका खिडकीसाठी.

आणि मग तुम्ही मागच्या खोलीची फरशी उखडायला सांगितलीत. घरच्यांना ते जास्तीचं वाटलं, मला माहीत आहे. पण फरशीखालून काळी माती निघाली तेव्हा सगळे गप्प झाले. घर बांधताना जोत्यात भराव म्हणून तीच टाकलेली होती. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेताला ती सोनं, पण टनभर वजनाच्या काचेखाली ती चालत नाही. टाकीचं एक टोक दोन-चार मिलीमीटरने जरी खचलं तरी सगळा पीळ काचेच्या जोडांवर येतो. भिंतीचा पाया आपल्या खड्ड्याहून खोल आहे याची आधी खात्री करून तुम्ही मुरूम लागेपर्यंत माती काढलीत, जाळी टाकून काँक्रीट ओतलंत, आणि ते भिंतीच्या पायाला चिकटू नये म्हणून मध्ये थर्मोकोलची पट्टी सोडलीत. घराचा पाया घराचा, टाकीचा टाकीचा. मिस्त्रीमामा, माझ्या लेखी ही टाकी तिथेच बांधून झाली. पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

काचेचं काम काचवाल्यांनी उत्तम केलं. बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन वापरलं, वास उडून ते पूर्ण पक्कं होईपर्यंत टाकीला हात लावू दिला नाही, आणि अंगणातच भरून गळती तपासून दिली. स्टँड दोन इंची चौकोनी पाईपचा. त्यावर टाकी चढवण्याआधी तुम्ही लेव्हल पाईप काढलात. प्लास्टिकची नळी, आत पाणी, दोन टोकांना दोघं. चारही कोपरे जुळल्यावरच वर थर्मोकोलचा ताव आणि त्यावर टाकी.

दगड लावायच्या दिवशी तुमची सुट्टी होती, तरी आलात. आमच्या पाण्यासाठी मी आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड जातीचे मासे निवडले होते. त्या सरोवराचं पाणी खारट नसलं तरी अल्कधर्मी आहे, आणि आपल्या बोअरचं जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी या माशांना मानवतं. त्यांना लपायला दगडांच्या कपारी लागतात आणि वाळू उकरायची त्यांना भारी सवय. हे ऐकल्याबरोबर तुम्ही वाळूची पाटी बाजूला सारलीत. "आधी पाया, मग भराव," म्हणालात. शेताच्या बांधावरून आणलेले, घासून धुतलेले काळे दगड तुम्ही थेट तळाशी, पातळ फोमवर, एकेक हलवून बघत रचलेत, आणि वाळू शेवटी भोवतीने पडली. माशांनी आता कितीही उकरलं तरी दगड ढळत नाही. मत्स्यपालनाच्या पुस्तकांतही हेच सांगितलेलं असतं. तुम्ही ते पुस्तक न वाचता, तुमच्या धंद्याच्या अकलेने सांगितलंत.

एक प्रश्न तुम्ही सुरुवातीला विचारला होता आणि तो विचारल्याबद्दल मी तुमची कायम ऋणी राहीन. "लातुरात एवढं पाणी काचेत कोंडायचं का, ताई?" एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या तोंडी हा प्रश्न शोभतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. माझं उत्तर निम्मंच होतं: पाणी एकदा भरलं की राहतं, आठवड्याला पाचवा हिस्सा बदलायचा. उरलेलं उत्तर तुम्ही बांधून दिलंत. मागच्या खोलीतून फरशीखालून पाईप काढून तो अंगणातल्या लिंबू, शेवगा आणि कढीपत्त्यापर्यंत नेलात. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे ते पाणी झाडांना का आवडतं हे मला तुम्हाला सांगता आलं: माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. हे जीवाणू वाढावेत म्हणूनच टाकी महिन्याहून जास्त काळ माशांवाचून चालवली होती. तुम्ही दुसऱ्या बाजूने छतावरच्या पावसाच्या पाण्यासाठी जमिनीत टाकं बांधलंत. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर पारा गेला की पंख्याने टाकी थंड ठेवावी लागते, पाणी उडून जातं, क्षार मात्र मागे राहतात. तिथे बोअरचं पाणी ओतत राहिलं तर जडपणा वाढतच जातो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भर त्यानेच करते. मागच्या खोलीला तुम्ही ठेवलेली जाळी, एक्झॉस्टची जागा आणि फरशीचा पाणी जायच्या ट्रॅपकडे जाणारा उतार यांचा उपयोगही मला रोज होतो. ओल भिंतीत मुरलेली नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते. काम संपलं होतं, पैसे चुकते झाले होते. तरी उन्हाळा सरता सरता तुम्ही लेव्हल पाईप खांद्यावर टाकून आलात आणि टाकीची चारही टोकं तपासलीत. पुन्हा पोळ्याच्या सुमारास, जमीन पाणी पिऊन फुगल्यावर, आलात. कुणी बोलावलं नव्हतं. त्याच वर्षी आमच्या कंपाउंडच्या भिंतीला, जिचा पाया वरवरच्या काळ्या मातीतच आहे, तिरपा तडा गेला होता. टाकी केसभरही हललेली नव्हती. तुम्ही पाईप गुंडाळलात, पैसे घ्यायला नकार दिलात, आणि पट्ट्याखाली कुठे भेग आहे का ते बॅटरी मारून बघून गेलात. मी दाराशी उभी होते आणि मला नीट बोलता आलं नाही. जे तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते: आमच्या घराची तुम्ही तुमच्या घरासारखी काळजी केलीत. मी मनापासून आभारी आहे.

माझ्या दोन सहकाऱ्यांना अशीच टाकी करायची आहे आणि दोघींनी तुमचा नंबर मागितला आहे. तुम्हाला विचारूनच देईन. एकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तिला मी आधी इंजिनियरकडे जायला सांगितलं आहे, कारण तुम्हीही तेच सांगितलं असतं. आणि येत्या रविवारी मामींना घेऊन जेवायला या. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी करते. मामींनी टाकी अजून पाहिलेली नाही. त्यांना मी मागच्या खोलीत नेऊन आधी तुम्ही ओतलेला पाया दाखवणार आहे.

तुमची,
लातूरची ताई