समीरच्या व्हिसावरचा हुद्दा

रियाध

ती. दादा व सौ. वहिनी यांस सा. न.

समीरच्या नोकरीबद्दल एजंट काय बोलतो ते राहू द्या, आधी व्हिसावरचा अरबी हुद्दा वाचून घ्या. ‘साइक खास’ असेल तर ती घरगुती ड्रायव्हरची नोकरी. सौदीने १४ मार्च २०२१ पासून कफील पद्धत, म्हणजे कामगार मालकाच्या मर्जीवर बांधलेला असायची ती पद्धत, सैल केली. सुट्टीचा किंवा कायमचं परतायचा व्हिसा कामगाराला स्वतःच ‘अबशर’ या सरकारी ॲपवर मागता येतो, मालकाला फक्त कळवलं जातं. करार संपला की त्याच्या संमतीविना नोकरीही बदलता येते. मात्र या सुधारणेतून घरगुती ड्रायव्हर, घरकामगार, माळी, मेंढपाळ वगळले गेले. कंपनीचा ड्रायव्हर आणि घरचा ड्रायव्हर यांच्यातला खरा फरक हा आहे, पगाराचा नव्हे.

कंपनीचा व्हिसा असला तर इथे उतरल्यावर करार ‘किवा’ या सरकारी पोर्टलवर येतो. हुद्दा, मूळ पगार, घरभाडं, मुदत, सगळं त्यात असतं. तिथे मंजूर, नामंजूर किंवा दुरुस्ती असे तीन पर्याय मिळतात. मुंबईत १,८०० रियाल ठरले आणि पडद्यावर १,२०० दिसले, तर घाईने मंजूर करू नये. भांडण उभं राहिलं तर पुरावा म्हणून तोच करार बघतात, तोंडी शब्दाला किंमत नाही.

सगळ्यात मोठी चूक सिमकार्डाची होते. अबशरला जोडलेला नंबर समीरच्याच इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, हवा. तो मुकादमाच्या नावावर असला तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि कायद्याने दिलेला हक्क दुसऱ्याच्या खिशात राहतो. ‘नफाथ’ या ओळख पटवायच्या सरकारी ॲपने लॉगिन करताना पडद्यावरचा आकडा ॲपवर निवडायचा असतो. कुणी फोन करून “अमुक आकडा दाब” म्हणालं तर मुळीच दाबू नये. दुसरा कुणीतरी त्याच्या नावाने आत शिरत असतो.

सुट्टीच्या एकेरी (एकदाच जाऊन परत यायच्या) व्हिसाला दोन महिन्यांसाठी २०० रियाल, पुढे दर महिन्याला १०० पडतात. ‘साहेर’ या रस्त्यावरच्या वाहतूक कॅमेऱ्याचा दंड थकला असेल तर हा व्हिसा निघतच नाही. ड्रायव्हरची पोरं नेमकी इथेच अडकतात, विमानाचं तिकीट काढून बसतात आणि आदल्या रात्री दंड बघतात. कायमच्या परतीच्या व्हिसाची मुदत ६० दिवस. बेत बदलला तर तो मुदतीतच रद्द करावा.

पैसे भरायच्या आधी व्हिसाचा स्पष्ट फोटो पाठवा, हुद्द्याची ओळ कापली जाऊ देऊ नका. मी इथून वाचून सांगतो.

तुमचा,
धाकटा भाऊ