रात्री तीनची बेल

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ५ एप्रिलला पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन असतो तेव्हा पेपरात त्यांच्यावर काही ना काही येतं, स्त्रीशिक्षण, बालविधवा, त्यांनी विधवांसाठी काढलेली शाळा शारदा सदन वगैरे, आणि ते यायलाच पाहिजे. पण बाई हे सगळं कुणाचं ऐकून करत होत्या ते फारसं कुणी लिहीत नाही. मी दौंडची ख्रिस्ती बाई, निवृत्त नर्स, पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागलं की हे दरवेळी मनात येतं म्हणून आज लिहायला बसले.

केडगावची जमीन बाईंनी घेतली होती फळबागेसाठी. अमेरिकेतून शारदा सदनला मिळणारी मदत दहा वर्षांपुरतीच होती, ती थांबली की बागेवर संस्था चालेल असा साधा हिशोब. आणि मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरतायत हे कळलं आणि जिने स्वतः विशीच्या आत आई, वडील, मोठी बहीण दुष्काळातच घालवली होती ती बाई उठून तिकडे गेली, शेकडो मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, मग त्याच शेतात झोपड्या उभ्या राहिल्या, तेच आजचं मुक्ती मिशन. आमची आजी म्हणायची, बाईंनी झाडं लावायची ठरवली होती, देवाने माणसं लावली.

आता माझं सांगते. आम्ही दर रविवारी चर्चमध्ये म्हणतो, प्रभु मला वापर. मनापासून म्हणतो, खोटं नाही. मी पण म्हणायचे. एकदा नाइट ड्युटीला मेडिसिन वॉर्डमध्ये तीन वाजता जरा शांत झालं म्हणून टेबलावर बायबल उघडलं, शमुवेलाची गोष्ट होती, आणि एका आजोबांची बेल वाजली. मावशी दुसऱ्या पेशंटकडे गुंतलेल्या. मी म्हटलं एवढं पान संपवते. पान संपवून गेले तर आजोबांची चादर ओली झालेली, आणि ते हात जोडून मलाच म्हणतात, सॉरी सिस्टर.

चादर बदलली, त्यांना पुसून घेतलं, टेबलाशी परत आले आणि तीच गोष्ट पुन्हा वाचली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शमुवेल मंदिरात राहणारा लहान मुलगा, रात्री त्याला हाक ऐकू येते, त्याला वाटतं म्हातारे एली याजक, म्हणजे तिथले पुजारी, बोलावतायत, ज्यांना डोळ्यांनी नीट दिसत पण नसतं. तो पळत जातो. ते म्हणतात मी नाही हाक मारली, झोप जा. असं तीनदा. तीनदा तो पोरगा झोपेतून उठून म्हाताऱ्या माणसाकडे धावला, एकदाही कुरकुर नाही, तेव्हा कुठे एलीच्या लक्षात आलं की हाक देवाची आहे. आणि मी बसल्या जागेवरून उठले नव्हते, तेही हेच वाचत असताना.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत माझा नियम एकच होता, बेल वाजली की पान तिथेच सोडायचं. कितीदा चिडचिड व्हायची, पाय दुखायचे, पण उठायचं. आता घरी पण शेजारच्या काकू भर दुपारी बीपी बघायला बोलावतात तेव्हा आधी कंटाळाच येतो, मग आजोबांचे जोडलेले हात आठवतात आणि मी मशीन घेऊन निघते. आमच्यात सकाळी उठल्या उठल्या बायबलची वचनं फॉरवर्ड करणारे खूप आहेत, छान आहे, पण देव त्याच वेळी दारात उभा असेल तर मान वर करून बघितलं पाहिजे ना.

रमाबाईंनी मान वर केली आणि ठरलेली बाग बाजूला ठेवली. म्हणून विनंती की पुढच्या ५ एप्रिलला त्यांच्यावर लिहाल तेव्हा त्यांच्या प्रार्थनेबद्दल पण चार ओळी छापा, त्या काढून टाकल्या तर बाई केडगावला का राहिल्या तेच कळत नाही.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, दौंड