माउथ ऑर्गनवाल्याच्या हाताकडं पण बघा की

मा. संपादक,

गणपतीत आमच्याकडं शहापूर, टिळकवाडीपासनं पार खानापूर, निपाणीपर्यंत मंडळांचे ऑर्केस्ट्रा होतात, त्यात एखादं पोरगं माउथ ऑर्गन घेऊन उभारतं, कौतुकच आहे, पण माईक स्टँडवरच ठेवून वीतभर लांबनं वाजवतंय आणि ढोलकी-कीबोर्डच्या गदारोळात नुसती कुईकुई ऐकू येते. शिव्या मात्र साउंडवाल्याला!

माईक स्टँडवरनं काढा की ओ. डावा अंगठा आणि तर्जनीत ऑर्गन धरा, बाकीच्या बोटांत माईकचं डोकं, आणि उजव्या हातानं दोन्हीला वेढा घाला. जाळी ऑर्गनला टेकवू नका, मधे बोटभर पोकळी पाहिजे, नाहीतर नुसती खडखड येते. खरी गोम फटींत आहे, करंगळ्यांजवळनं आणि ऑर्गनच्या उजव्या टोकाला हवा निसटते. एकच सूर लांब धरायचा आणि हात हळूहळू मिटत न्यायचे, पोकळी बंद झाली की आवाज एकदम जाड आणि घोगरा होतो, लगेच कळतंय.

अमेरिकेतल्या शिकागोचा माउथ ऑर्गनवाला लिटल वॉल्टर माईक असाच मुठीत धरून अँप्लिफायरवर वाजवायचा, 1952 साली त्याची नुसत्या वाजवण्याची रेकॉर्ड बिलबोर्ड मासिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत 1 नंबरला गेली. पण म्हणून सगळीकडं तसंच दाबून वाजवू नका. हिंदी सिनेमातली गोड चाल क्रोमॅटिकवर (बाजूला बटण असलेला, सगळे कोमल-तीव्र सूर देणारा माउथ ऑर्गन) वाजवायची असेल तर हात सैलच बरा, घोगऱ्या आवाजानं तिची पार वाट लागते असं माझं तरी मत आहे.

आता साउंडवाल्या मामांना एक विनंती. गाण्याचा माईक समोरचाच आवाज घेतो कारण जाळीच्या मागनं पण आत हवेला वाट असते, मुठीनं ती बुजली की तो चारी बाजूंचं ओढतो आणि शिट्टी मारतो. म्हणून त्या गाण्यापुरता मॉनिटर बॉक्सचा (वाजवणाऱ्यांकडं तोंड केलेला स्पीकर) आवाज खाली घ्या, त्या माईकचा गेन (आत येणारा आवाज वाढवायचं बटण) आणि ट्रेबल (बारीक आवाज) पण जरा उतरवा. वाजवणाऱ्यानं पण वा-वा (हात उघडमीट करून काढलेला हेलकावा) काढायला सगळा हात उघडायचा नाही, उजवी बोटं थोडीशी उचलली तरी बास, आणि बॉक्सकडं तोंड करून तर नकोच.

हे सगळं जमायला कार्यक्रमाआधी चेकिंगला वेळ लागतो, आणि आमच्या मंडळांत तो वेळ पाहुण्यांच्या सत्कारातच जातो. यंदा निदान ऑर्गनवाल्याला पाच मिनिटं माईक हातात द्या.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव